पोच काम झाल्यावर

प्रारंभीच क्षमा मागते. ज्यांनी लिहावे अशा माणसांची आपल्याकडे वाण नसताना माझ्यासारखीने, तेही त्रेपन्नाव्या वर्षी, प्रथमच कागद पुढे ओढावा हे मला स्वतःलाच अनुचित वाटते. पंधरा वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले, मग घरच्या कारणांनी काही वर्षे थांबले, आणि ज्या वयात माणसे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करू लागतात त्या वयात प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम पुरा करून महापे येथील एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागले. या सगळ्या काळात माझे लेखन प्रश्नपत्रिकांच्या पलीकडे गेले नाही. तरीही लिहिते आहे, कारण एका गृहस्थांकडे माझा एक निरोप आठ महिने पडून आहे. त्याचे उत्तर आलेले नाही, आणि वाट पाहताना हातांना काहीतरी काम लागते.

हे गृहस्थ म्हणजे माझे टेबलशेजारी. वाशीपासून पनवेलपर्यंत जितकी माणसे दिवसभर मोबाईलवर 'हो हो, झालंच समजा' म्हणत असतात, त्या सर्वांच्या वतीने प्रायश्चित्त घेण्यासाठीच यांचा जन्म झाला असावा. काम पुरे होण्याआधी ते 'हो' म्हणत नसत. 'बघतो' म्हणत नसत, 'करतो' म्हणत नसत, मान हलवीत नसत. आपण काही सांगितले की ते शांतपणे आपल्याकडे पाहत, एका लांबट वहीत क्रमांक घालून ते लिहून घेत आणि पुन्हा पडद्याकडे वळत. पहिल्या आठवड्यात मला वाटले की त्यांना ऐकू कमी येते. दुसऱ्या आठवड्यात वाटले की मी त्यांना आवडत नाही. तिसऱ्या आठवड्यात, पहिल्या आठवड्यातल्या माझ्या तिन्ही शंकांची उत्तरे ज्या क्रमाने विचारल्या त्याच क्रमाने मिळाली, आणि प्रत्येक उत्तरानंतर वहीतली एक ओळ खोडली गेली.

त्यांचे काम काय होते हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. कंटाळा आल्यास वाचकांनी क्षमा करावी, मलाही पुष्कळदा आला आहे. कोणत्याही वेबसाइटचा जो भाग आपल्याला दिसत नाही, जो दूरच्या सर्व्हरवर बसून खरे कष्ट उपसतो, त्याला निरोपांच्या रांगेशी जोडून देणे हे त्यांचे काम. आमचे ग्राहक रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा चालवीत. रुग्णाचा रिपोर्ट तयार झाला की वेबसाइटचा प्रोग्राम तो स्वतः पाठवीत बसत नाही. 'अमुक रुग्णाला रिपोर्ट पाठवा' अशी चिठ्ठी रांगेत टाकून मोकळा होतो. रांगेच्या दुसऱ्या टोकाला दुसरा प्रोग्राम बसलेला असतो. तो एकेक चिठ्ठी उचलतो, रिपोर्ट रुग्णाच्या फोनवर धाडतो आणि मग रांगेला 'झाले' असे कळवतो. या 'झाले'ला आम्ही पोच म्हणत असू. पोच आली की रांग ती चिठ्ठी फाडते. मध्येच तो प्रोग्राम बंद पडला तर पोच येत नाही, आणि चिठ्ठी पुन्हा रांगेत जाऊन दुसऱ्याच्या हाती लागते. सगळी मातब्बरी एवढीच की पोच काम झाल्यावर द्यायची, चिठ्ठी हातात पडल्यावर नव्हे. यात कठीण ते काय, असे मला पहिल्या दिवशी वाटले होते. आता तसे वाटत नाही.

"ही अक्कल मना कालेजान नाय मिलाली," ते एकदा सांगत होते. घणसोली गावठाणातले त्यांचे घर. आजूबाजूला उंच इमारती उभ्या राहिल्या तरी बोली गावचीच राहिली होती. "आमचे गावान नलावर रांग लागं. आय हंडा रांगेन ठेवी आन घरा जाई. मानूस गेला तरी नंबर जात नसं. पानी भरला, हंडा उचलला, का मंगच पुढचा हंडा सरकायचा. ह्या सर्वरन त्याच्याहून जास्ती काय हाय, सांगा ना ताई?" पदार्थविज्ञानाच्या दोन पदव्या घेऊन मी माझ्या वहीत हंड्यांची रांग काढली.

अडचण अशी की रांगेचा हा कायदा त्यांनी सर्व्हरवरून उचलून स्वतःच्या आयुष्याला लावला होता, किंवा कदाचित उलटे झाले असेल. एकदा सकाळी सव्वादहाला मी विचारले, "दादा, चहाला येता का?" त्यांनी ते वहीत लिहून घेतले. दुपारी एक वाजता, टपरीवाला वड्याचा घाणा उतरवून जेवायला बसलेला असताना, हे माझ्या टेबलाशी येऊन उभे. "चला ताई, चहा." मी डबा उघडलेला होता. तरी गेले. थंडगार उरलेला चहा टपरीवाल्याने कुरकुरत गरम करून दिला, आणि तो पिऊन झाल्यावर यांनी खिशातून पेन काढून वहीतली ओळ खोडली. आग लागल्यास काय करावे याची आमच्या इमारतीत एकदा रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला, तिन्ही मजले खाली उतरले, आणि शिरगणतीत एक माणूस कमी भरला. सुरक्षारक्षक धापा टाकीत वर गेला तर हे आपले टाईप करीत बसलेले. तालमीची पूर्वसूचना त्यांच्या वहीत सहाव्या क्रमांकावर होती आणि काम चौथ्यावर चालले होते. "खरी आग असती तर?" असे मी भीत भीत विचारले तेव्हा ते किंचित दुखावल्यासारखे झाले. "खरी आसती तर धावलो आसतो ना. दवंडी येगली, चिठ्ठी येगली."

दोनदा सांगितलेले काम ते एकदाच करीत, कारण क्रमांक एकच असला तर निरोप दुसऱ्यांदा आला तरी काम दुसऱ्यांदा होता कामा नये, हाही रांगेचाच नियम. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, या नियमाचा फार जाच होता. एकदा मी त्यांच्या घरी गेले असता वहिनी माझ्यादेखत म्हणाल्या, "ह्यांना दोनदा सांगून उपेग नाय, आन एकदा सांगितला तर ऐकला का नाय त्याचा पत्ता नाय. लगीन ठरताना पन बाबांनी इचारला, पोरगी पसंत हाय का? हे गप. हलद लागली तरी गप. लगीन लागला, आमी घरा आलो, तवा बोलतान, पसंत हाय!" गृहस्थ शेजारीच वाटाणे सोलीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पण हसले असावेत, कारण एक वाटाणा घरंगळत माझ्या पायाशी आला.

याच स्वभावाचा अनुभव मला माझ्या मुलीच्या लग्नात आला. पत्रिका त्यांच्या हाती दिली तेव्हा त्यांनी ती वाचली, वहीत नोंद केली आणि ठेवून दिली. येतो नाही, प्रयत्न करतो नाही. लग्नाच्या दिवशी सकाळीच सानपाड्याच्या हॉलवर हजर. नवरदेवाकडचे लोक चपला शोधीत होते तेव्हा यांनी चपला रांगेत लावून दिल्या. अक्षता टाकल्या, पंगतीत जेवले, वहिनींनी आणलेले लुगडे मुलीच्या हाती दिले, आणि निघताना माझ्यासमोर उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "ताई, तुमची पत्रिका मिलाली." माझ्या विहीणबाई आजवर मला विचारतात, ते कोण होते हो?

फोनवर निरोप वाचला गेला की उमटणाऱ्या निळ्या खुणांचा त्यांना मनापासून राग होता. त्या त्यांनी बंदच करून टाकल्या होत्या. "वाचला म्हंजे काम झाला काय? फुकाची पोच." आणि जी कामे तीनदा प्रयत्न करूनही होत नसत त्यांच्या चिठ्ठ्या ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवीत. दर शुक्रवारी जेवणानंतर तो डबा उघडून एकेक चिठ्ठी वाचण्याचा त्यांचा परिपाठ होता. सर्व्हरवरही न पोचलेल्या चिठ्ठ्यांसाठी त्यांनी तशीच एक निराळी रांग ठेवली होती. "टाकायचा नाय. का नाय झाला, ते बगायचा," एवढेच ते म्हणत. डब्यात काय काय असे! बंद झालेल्या एका बँकशाखेचा पत्ता, कोणा सहकाऱ्याला परत करायची छत्री, आणि मी माझ्या पहिल्या महिन्यात विचारलेली एक शंका, जिचे उत्तर त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते. ती त्यांनी अडीच वर्षे वाचली आणि एका शुक्रवारी उत्तर दिले. मी प्रश्न विसरून गेले होते.

मला जे थोडेफार येते ते त्यांनी शिकवले. माझ्या मुलीच्या वयाच्या मुलामुलींसमोर अडखळायला मला लाज वाटे. त्यांच्याजवळ वाटत नसे, कारण ते कधी घाईत नसत. संध्याकाळी डोळे चुरचुरत, पाठ धरे, दर पंधरवड्याला नवे काहीतरी बाहेर पडायचे असे आणि बाहेर पडलेले लगेच मोडायचे असे. त्या रगाड्यात या एका टेबलाशी काळ बसल्यासारखा वाटे. पोच कुठे द्यायची ती ओळ त्यांनी मला बोट ठेवून दाखवली होती. तिच्या वर त्यांनी मराठीत टीप लिहिली होती: 'पोच काम झाल्यावर. घाई असेल तरी.'

आता जे सांगायचे ते सांगते. आमची प्रमुख सायली, लातूरकडची, तिशीतली, हुशार आणि सदैव दमलेली. प्रयोगशाळेच्या लोकांना दुसऱ्या दिवशी नवी व्यवस्था दाखवायची होती आणि पडद्यावर रिपोर्ट जायला वेळ लागत होता. दादा त्या दिवशी पुतण्याच्या हळदीला गेले होते. गावात हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा, फोन उचलण्याचा प्रश्नच नाही. सायली माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, प्लीज ना यार, कसंही करून स्पीड वाढवा. उद्यापुरतं. मला जाम टेन्शन आलंय." कसे, ते तिने विचारले नाही, मी सांगितले नाही. पोच आधी दिली, म्हणजे चिठ्ठी हाती पडताच 'झाले' म्हणून टाकले, तर रांग भराभर सरकते हे मला ठाऊक होते. त्या एका ओळीची जागा मी बदलली. फाईल आम्हा सर्वांच्या सामाईक नावाने उघडत असे, त्यामुळे माझे नाव कुठे उमटले नाही. दाखवणे उत्तम झाले. सायलीने मला चॉकलेट दिले.

दादा परत आल्यावर त्यांना सांगायचे होते. परंतु सांगायचे म्हणजे वहीत क्रमांक लागणार, ते पाहणार, लिहून घेणार, काहीच बोलणार नाहीत. ते न बोलणे सोसण्याची तयारी होईना. उद्या मीच ओळ जागेवर नेऊन ठेवीन असे ठरवले. दुसऱ्या दिवशी वेगळेच काम आले. मग विसरले. ज्या माणसाकडे एकही निरोप हरवत नसे, त्याच्याकडे मी निरोप टाकलाच नाही.

दहा दिवसांनी, सोमवारी सकाळी, नेहमीच्या डागडुजीसाठी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. एरवी यात काही बिघडत नसे. या वेळी मात्र दुसऱ्या टोकाच्या प्रोग्रामने उचललेल्या, पोच दिलेल्या, पण अजून न पाठवलेल्या सगळ्या चिठ्ठ्या नाहीशा झाल्या. रांगेच्या लेखी कामे झालेली होती. माणसे मात्र रिपोर्टची वाट पाहत बसली.

दुपारी बैठक झाली. ग्राहकाकडचे एक गृहस्थ पडद्यावरून विचारीत होते, "ही जोडणी कोणाची?" मी बोलण्यासाठी तोंड उघडले. खरोखर उघडले होते. पण शब्द फुटण्याआधी शेजारून आवाज आला, "जोडनी माझी हाय." त्याच्यापुढे ते एक अक्षर बोलले नाहीत. तोवर त्यांनी ती ओळ पाहिली होती. तिची जागा कचेरीत त्यांनी एकाच व्यक्तीला बोट ठेवून दाखवली होती. बैठक संपली, खुर्च्या सरकल्या, मी तोंड मिटले.

पुढले दोन दिवस त्यांनी प्रयोगशाळेच्या नोंदवहीवरून नावे मिळवली आणि एकेकाला स्वतः फोन लावला, तपासणी ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने. मधल्या काळात कोणी चिडून कचेरीत फोन केला तर हे म्हणत, "तुमचा नंबर एकविसावा, आता तेरावा चालू हाय. नाय विसरत, बसा." एका आजीबाईंशी ते पाव तास बोलत होते. मला वाटले काही बिकट आहे. तर आजीबाईंचा रिपोर्ट ठीक होता, साखर किंचित वाढली होती, आणि ती पिकल्या केळ्यांनी वाढते की कशाने यावर दोघांचे एकमत होत नव्हते. शेवटचा फोन ठेवून त्यांनी शेवटची ओळ खोडली, पेनाचे टोपण लावले आणि माझ्याकडे पाहिले. तेव्हाही मी काही बोलले नाही. त्यांचा नोकरीचा करार महिनाअखेर संपत होता. तो पुढे वाढवला गेला नाही. पत्र्याचा डबा काखोटीला मारून ते गेले. निरोप समारंभाची पाटी फळ्यावर लागली होती, पण समारंभाला त्यांच्या वहीत जागा झाली नसावी.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी सायलीला सगळे सांगितले. "तेव्हा बोलायचं ना, मॅडम," ती म्हणाली. "मी पण विचारायला हवं होतं, कसं केलंत ते." मग तिने माझ्याकडून लेखी अहवाल घेतला आणि वर पाठवला. वरून उत्तर आले की विषय संपला आहे. त्याच संध्याकाळी मी दादांना फोनवर निरोप पाठवला. 'ती ओळ मी बदलली होती. बैठकीत मी बोलायला हवे होते. बोलले नाही. मला क्षमा करा.' निळ्या खुणा उमटणार नव्हत्याच.

आठ महिने झाले. ती ओळ मी बैठकीच्या सोमवारीच जागेवर नेऊन ठेवली आहे, आणि ती जोडणी आता माझ्याकडे आहे. कोणी घाई केली की मी त्यांना वरची टीप दाखवते. मुले हसतात, मीही हसते, आणि संध्याकाळी घरी जाताना फार थकवा जाणवतो. कामाचा नव्हे, न झालेल्या एका कामाचा. मागल्या रविवारी मनाचा हिय्या करून घणसोलीला गेले. घराच्या खोल्या पाडून नव्या बांधणे चालले होते. वहिनी विटांवर देखरेख करीत उभ्या होत्या. दोघे सध्या नावड्याला मुलीकडे राहतात, असे त्यांनी सांगितले.

"आन तिकडं काय करतान, इचारा," वहिनी म्हणाल्या. "कालनीन टँकर येतो ना, त्याला रांग लावतान. चिठ्ठ्या, नंबर, सगला. पानी घरान पोचल्याबिगर नाव खोडीत नायत. बायका आधी भांडल्या, आता यांनाच काका काका करतान."

मी हसले. मग, इतके महिने न जमलेले धाडस करून, विचारले, "वहिनी, मी त्यांना एक निरोप पाठवला होता. त्यांनी वाचला का?"

"वाचला ना. त्याच दिशी वहीन लिवला, नंबर घातला." त्यांनी पदराने विटेवरची धूळ झटकली. "मी इचारला, काय लिवलाय ताईंनी? त बोलतान, काम हाय. मना नाय कलला बाय, त्यान काम कसला हाय ते. पन खोडला नाय आजून. मी बगते ना, दर शुक्रवारी तो डबा उघडून बसतान."

चिठ्ठी अजून वहीत आहे की तीनदा प्रयत्न फसल्यामुळे डब्यात गेली आहे, हे विचारायचे राहिले. घरी परतताना लक्षात आले की दोन्हीकडे ती टाकून दिलेली नाही. कधीतरी ते दारात येऊन उभे राहतील, चहा घेतील, आणि निघताना म्हणतील, ताई, तुमचा निरोप मिळाला. असे मी स्वतःला सांगते. काही दिवस ते खरे वाटते, काही दिवस वाटत नाही. फोन हातात घेते, तेच शब्द पुन्हा लिहिते आणि पुसते. दोनदा पाठवलेल्या निरोपाचे काम ते एकदाच करतील, त्यात नुकसान काही नाही. पण ज्यांनी मला कधी घाई केली नाही, त्यांना मी करावी का, हे ठरत नाही.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता तर निरोप पुन्हा पाठवला असता का?